परक्या मैदानावरचे पाठीराखे

फुटबॉलच्या सामन्याला जसे दोन संघ लागतात, तसे दोन्ही बाजूंचे प्रेक्षकही लागतात. यजमान संघाचा प्रेक्षक घरचाच असतो; पाहुण्या संघाचा पाठीराखा मात्र पदरचे पैसे आणि हातचा दिवस खर्चून येतो. वसई-विरारच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला हे वेगळे सांगावयास नको. त्याच्या दृष्टीने बहुतेक मोठे सामने परक्या मैदानावरच असतात.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील गावांना फुटबॉल नवा नाही. पण नावाजलेली मैदाने लोकलच्या मार्गावर दूर दक्षिणेला आहेत. विरारहून चर्चगेट सुमारे ६० किलोमीटर. तेथून थोडे चालले की कूपरेज. १८९१ साली सुरू झालेल्या रोव्हर्स करंडकाशी या मैदानाचे नाव कायमचे जोडले गेले. मुंबई विद्यापीठाचे क्षेत्र तर पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले. संघातील खेळाडू महाविद्यालयाचा प्रतिनिधी म्हणून जातो, त्याच्या हजेरीचा विचार होतो. त्याचा उत्साह वाढविण्यासाठी गेलेला वर्गमित्र मात्र गैरहजर ठरतो. ७५ टक्के हजेरीचा नियम डोक्यावर असताना मग जाणार कोण? साहजिकच संघ जातो आणि महाविद्यालय घरी राहते.

विद्यार्थ्याने वर्गात बसावे, सामन्यांमागे भटकू नये, असे पालक आणि प्राध्यापक म्हणतील. त्यात गैर काही नाही. तरुणांचा घोळका परक्या मैदानावर गेला की बाचाबाची होते, ही भीतीही अगदीच निराधार नव्हे. पण पाठीराख्यांना घरी बसविणे हा त्यावरचा उपाय नव्हे. अर्जेंटिनात २०१३ साली पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांवर बंदी आली. तरीही नोव्हेंबर २०१८ मध्ये ब्यूनस आयर्स येथे रिव्हर प्लेटविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी निघालेल्या बोका ज्युनियर्सच्या बसवर हल्ला झालाच, आणि तो सामना थेट माद्रिदला हलवावा लागला. उलट इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पाहुण्यांसाठी वेगळी जागा राखली जाते. २०१६ मध्ये त्यांच्या तिकिटाची कमाल किंमतही ३० पौंड ठरविण्यात आली. पाहुण्याला अडविण्यापेक्षा त्याची नीट व्यवस्था लावणे अधिक शहाणपणाचे असते.

प्रेक्षकाविना विजयही कसा सुना होतो, हे मुंबईने अनुभवले आहे. १३ मार्च २०२१ रोजी गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर मुंबई सिटीने एटीके मोहन बागानला २-१ असे हरवून इंडियन सुपर लीगचे अजिंक्यपद प्रथमच पटकाविले. बिपिन सिंगचा निर्णायक गोल अगदी ९० व्या मिनिटाचा! पण करोनाच्या निर्बंधांमुळे भोवतालच्या गॅलऱ्या रिकाम्या होत्या. ४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर याच प्रतिस्पर्ध्याला मुंबईने ३-१ असे नमविले, ते यजमानांच्या हजारो पाठीराख्यांच्या कल्लोळात. अशा कल्लोळात आपला एक ओळखीचा आवाज कानी पडावा, याचे मोल खेळाडूच जाणे.

विद्यार्थ्यालाही या प्रवासातून काही मिळते. आपल्या गावात बहुसंख्येत असणारा तरुण परक्या मैदानावर मूठभरांत उभा राहतो. दुसऱ्याच्या घरी आपली निष्ठा कशी मिरवावी आणि प्रतिपक्षाच्या उत्तम गोलाला दाद कशी द्यावी, हे तेथेच कळते. नागरिकत्वाचा हा धडा क्रमिक पुस्तकात सापडत नाही.

मागणी मोठी नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे महत्त्वाचे सामने शक्यतो सुटीच्या दिवशी ठेवावेत. महाविद्यालयाने एखाद्या प्राध्यापकासमवेत पाठीराख्यांची तुकडी पाठवावी. यजमानांनी तिला बसावयास सावली आणि प्यावयास पाणी द्यावे. वर्षातून काही सामने वसई-विरारच्या मैदानांवरही व्हावेत, म्हणजे दक्षिण मुंबईच्या विद्यार्थ्यालाही विरार गाडीचा अनुभव मिळेल. कारण पाहुणचार दोन्ही बाजूंनी झाला, तरच खेळ दोघांचा होतो.