तिसऱ्या दिवसानंतर काय?

बहुतेक युरोपीय पासपोर्टांवर ब्रिटनला जायचे तर 2 एप्रिल 2025 पासून 'ईटीए' ही ऑनलाइन प्रवास-परवानगी आधी घ्यावी लागते. भारतीय पासपोर्टवाल्यांना व्हिसाच लागतो, तेव्हा आपल्याला त्याचे काय, असे पुण्यात कुणी म्हणेल. मडगावात म्हणणार नाही. गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात कितीतरी घरांत पोर्तुगीज पासपोर्ट आहेत आणि भाऊबंद इंग्लंडात स्विंडनला आहेत.

अर्ज मोबाइलवरही होतो. पासपोर्ट स्कॅन करायचा, चेहरा दाखवायचा, थोड्या प्रश्नांची उत्तरे द्यायची. पुष्कळांना काही मिनिटांतच होकार येतो, कारण तो संगणक देतो. गाडे अडते ते अर्ज माणसाच्या हाती गेल्यावर. निर्णय साधारणपणे कामकाजाच्या तीन दिवसांत होईल, क्वचित जास्त वेळ लागेल, असे तिथले सरकार सांगते. जास्त म्हणजे किती, ते मात्र सांगत नाही.

त्यातही दिवस कामकाजाचे. गुड फ्रायडे आणि ईस्टरनंतरचा सोमवार, दोन्ही दिवशी इंग्लंडात सुटी, मध्ये शनिवार-रविवार. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी केलेल्या अर्जाचे 'तीन दिवस' पुढच्या गुरुवारी भरतात. लग्नाला जाणारा महिनाभर आधी अर्ज करील. मयताला निघालेल्याने काय करायचे?

उशिराची झळ सगळी प्रवाशालाच. परवानगी दिसली नाही तर विमान कंपनी बोर्डिंग पास देत नाही. तिकीट बुडते ते त्याचे. नकार आला तर अपील नाही, फी परत नाही. मग रीतसर व्हिसाच्या रांगेत लागायचे. (आपलाही ई-व्हिसा परदेशी पाहुण्याला किमान चार दिवस आधी अर्ज करायला सांगतो, तेव्हा फार मिशीला पीळ देण्यात अर्थ नाही.)

युरोपीयांना सक्ती झाली आणि आठवड्याभराने, 9 एप्रिलला, फी 10 पौंडांवरून 16 वर गेली. मुदत होती तेवढीच सैल राहिली. वाढीव सहा पौंड घेताना दोन गोष्टी पदरात घालायला हव्या होत्या: तीन दिवस उलटले की अर्ज कुठे अडला ते कळवणे, आणि घरात मृत्यू झालेल्यांसाठी सुटीच्या दिवशीही अर्ज पाहणारा एक माणूस.