येऊरचे बेडूक आणि तुमची मोरी

ठाण्याजवळचं येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतं. तिथे शिकारीला, वृक्षतोडीला बंदी आहे. पण बेडकाला ती हद्द कुठे ठाऊक? पावसाळ्यात तो रस्त्याकडेच्या डबक्यात, नाल्यात, तुमच्या सोसायटीमागच्या पाणथळीतही अंडी घालतो. तिथलं पाणी वनखात्याच्या नव्हे, तुमच्या हातात असतं.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. बराचसा श्वासही तिच्यातूनच घेतो. अंड्यांना तर कवचच नसतं. पाण्यात जे पडेल ते त्याच्या अंगात जातं.

वालधुनी नदीचंच बघा. काकोळ्याच्या डोंगरातून निघते, अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी येते आणि उल्हासनगरातून कल्याणच्या खाडीला पोचेपर्यंत तिची गटार होते. २०१४ साली तिच्यात कोणीतरी रसायन ओतलं, तर काठावरच्या शेकडो माणसांना दवाखाना गाठावा लागला. तिथे बेडकाची काय कथा!

उरलेला रंग, टर्पेंटाइन, ॲसिड पावसाळी गटारात ओतू नका. ते पाणी शुद्ध न होताच नाल्यात जातं. गाडी ओढ्याकाठी धुऊ नका. येऊरला गेलात तर झऱ्यात साबण लावू नका.

डासांच्या भीतीने डबक्यात जळकं तेल ओतणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांना प्रेमाने थांबवा. डास खाणारे बेडूकच त्याने मरतात. त्याऐवजी पिंप, कुंडीखालच्या थाळ्या, जुने टायर दर आठवड्याला रिकामे करा. गप्पी मासे बंदिस्त टाकीत ठीक. ओढ्याच्या डबक्यात नकोत, ते बेडकाची पिल्लं खातात.

मुलांना शेपटीवाली पिल्लं जरूर दाखवा, पण जागच्या जागी. बाटलीत भरून आणलेली पिल्लं दुसऱ्या तळ्यात सोडू नका. बेडकांच्या कातडीला बुरशीचा रोग होतो, तो अशानेही पसरतो.

गणपतीही ओढ्यात किंवा तळ्यात नको, पालिकेच्या कृत्रिम तलावात विसर्जित करा. निर्माल्य कलशात टाका.

नाल्याला अचानक रंग आला, उग्र वास सुटला, तर हात घालून बघू नका. लांबूनच फोटो काढा, जागा आणि वेळ लिहा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण किंवा ठाण्याच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. रसायन ओतणारा टँकर बहुधा रात्री येतो. त्यामुळे नाल्याजवळच्या वॉचमनलाही हे सांगून ठेवा.