जानेवारीत फुटते, एप्रिलमध्ये गळते

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातले एल्कहार्ट हे आरव्ही उद्योगाचे माहेरघर. जिथे मोटारहोम आणि ट्रेलर मोठ्या संख्येने बांधले जातात, तिथेच जानेवारीच्या रात्री पारा सर्रास शून्याखाली असतो. ज्यांना जमते ते निवृत्त लोक गाडी घेऊन ॲरिझोना किंवा फ्लोरिडा गाठतात. बाकीच्यांच्या गाड्या वसंत येईपर्यंत अंगणात, नाहीतर भाड्याच्या यार्डात उभ्या राहतात. या गाड्या थंडीसाठी बंद करून देणे हे तिथल्या वर्कशॉपचे हंगामी काम. त्याचा निकाल मात्र लगेच लागत नाही. नळी जानेवारीत फुटते आणि एप्रिलमध्ये मालकाने पंप सुरू केला की पाणी कपाटामागच्या प्लायवूडमध्ये मुरू लागते.

महाराष्ट्रातल्या गाडी बांधणाऱ्यांनी याकडे परदेशातली गोष्ट म्हणून पाहू नये. राज्याचे कॅरव्हॅन पर्यटन धोरण 2021 मध्ये आले. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर 2020 मध्ये, अटल बोगदा खुला झाला आणि एरवी बर्फामुळे तुटणारे लाहौल हिवाळ्यातही गाठता येऊ लागले. इथे बांधलेली कॅम्परव्हॅन डिसेंबरात लाहौलमधल्या केलाँगला मुक्काम करणारच नाही, असे धरून चालता येत नाही.

मूळ कारण शाळेतल्या विज्ञानाचे आहे. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते. लवचिक नळी तेवढा ताण बऱ्याचदा सोसते. जोड, कोपर, नळाचे आतले भाग, टॉयलेटचा वॉल्व्ह आणि पंपाचे तोंड सोसत नाही. म्हणून टाकी रिकामी झाली की काम झाले, हा समज महागात पडतो.

पाणी काढायच्या दोन रीती रूढ आहेत. पहिली हवेची. दाब 40 पीएसआयच्या आसपास ठेवायचा, एक नळ उघडा राहू द्यायचा आणि मग एकेक नळ, गरम व थंड दोन्ही बाजूंनी, मोकळा करायचा. यात एक जागा हमखास सुटते: पंप. बाहेरच्या पाणीजोडातून सोडलेली हवा पंपाच्या एकमार्गी वॉल्व्हपाशी अडते. त्यामुळे पंप काही क्षण कोरडा चालवून त्यातले पाणी वेगळे काढावे लागते. बाहेरचा शॉवरही असाच विसरला जातो.

दुसरी रीत गुलाबी अँटिफ्रीझची. हे प्रॉपिलीन ग्लायकॉलचे असते आणि पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांत चालते. इंजिनात घालायचा कुलंट मात्र बहुधा इथिलीन ग्लायकॉलचा, म्हणजे विषारी. गुलाबी द्रव मिळाला नाही म्हणून तो नळ्यांत ओतणे हा गुन्हाच मानला पाहिजे. डब्यावरचा उणे 50 हा आकडाही नीट समजून घ्यावा. तो फॅरनहाइटमधला आहे, म्हणजे सुमारे उणे 45 सेल्सियस, आणि तो नळी न फुटण्याची मर्यादा सांगतो. द्रव त्याच्या कितीतरी आधी बर्फाच्या गोळ्यासारखा घट्ट होतो, पण फारसा प्रसरण पावत नाही. त्यात उरलेले पाणी मिसळले की ही खात्री संपते. नळातून फिकट नव्हे, पूर्ण गुलाबी धार येईपर्यंत थांबायचे ते यासाठीच.

पाणी मिसळण्याची मोठी जागा म्हणजे गीझर. सहा गॅलनच्या गीझरमध्ये जवळपास 23 लिटर पाणी मावते. बायपास वॉल्व्ह न फिरवता द्रव सोडला, तर आधी गीझरच भरत बसतो आणि बाकीच्या नळ्यांना काही उरत नाही. गीझर थंड करून, दाब सोडून मगच त्याचा प्लग काढावा. शेवटी प्रत्येक सिंकच्या आणि शॉवरच्या सांडपाणी वळणात थोडा द्रव ओतावा.

बॅटरीचे गणित वेगळे. पूर्ण चार्ज असलेली लेड-ॲसिड बॅटरी उणे 50 अंश सेल्सियसलाही गोठत नाही. उतरलेली उणे 7-8 ला गोठते. गॅस डिटेक्टरसारखी उपकरणे गाडी बंद असतानाही वीज खातात, म्हणून तारा काढून ठेवाव्यात आणि अधूनमधून चार्ज तपासावा. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याखाली चार्ज करू नये, तिच्या सेलचे कायमचे नुकसान होते.

बाकीचे थोडक्यात: गॅसचे सिलिंडर बंद, फ्रिजचे दार उघडे, टायरमध्ये योग्य हवा, इंधनात स्टॅबिलायझर, छताच्या सांध्यांचे सीलंट तपासलेले आणि तळातली भोके तारेच्या जाळीने बुजवलेली. उंदराला वायरिंग कुरतडायला एक भोक पुरते.

यातले बरेचसे काम मुळात गाडी बांधतानाच सोपे किंवा अवघड होऊन बसते. बांधणाऱ्यांनी नळ्यांना उतार द्यावा, सर्वांत खालच्या जागी पाणी सोडायचा नळ बसवावा, गीझरला बायपास द्यावा आणि पंपापर्यंत हात पोहोचेल अशी जागा ठेवावी. नळ्यांचा आराखडा मालकाच्या हाती द्यावा. गाडी बंद करून देणाऱ्या वर्कशॉपने कोणती जागा कशी रिकामी केली याची यादी तारीख आणि सहीसह लिहून ठेवावी आणि तिची एक प्रत सिंकच्या नळाला बांधावी. सहा महिन्यांनी नळी गळाली, तर चूक कोणाची हे त्या कागदावरून ठरवता येईल. येत्या हंगामात पहाडात जाणारी प्रत्येक गाडी या कागदाशिवाय वर्कशॉपबाहेर काढू नये, ही व्यावसायिकांना विनंती.