खाजं खावं, पण एका बैठकीत

आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख पंचांगात सापडत नाही. ती भराडी देवीच्या कौलानं ठरते. जत्रेहून परतणाऱ्याच्या पिशवीत खाजं असणार, हे मात्र कौल न लावताही सांगता येतं. बेसनाच्या तळलेल्या कांड्या, वर गुळाचा पाक, त्यात आल्याचा झटका. दाढेखाली कुरकुर वाजते आणि गुळाचा एक कण खाचेत जाऊन बसतो. मग जिभेच्या टोकानं कितीही उकरा!

दात किडले की बोलणी खातं ते हेच खाजं. पोरांना दटावलं जातं, ‘गोड खाऊ नको.’ सल्ला अर्धवट आहे.

स्वीडनमधल्या लुंड शहरातल्या विपेहोम रुग्णालयात १९४०च्या दशकात बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना मुद्दाम गोड खाऊ घालून त्यांचे दात तपासले गेले. प्रयोग लाजिरवाणाच, त्या बिचाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. पण १९५४ साली प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष आजही टिकून आहे. जेवणासोबत पोटात गेलेल्या साखरेनं दात फारसे किडले नाहीत. दोन जेवणांच्या मध्ये पुन्हा पुन्हा चघळलेल्या चिकट टॉफीनं मात्र भराभर किडले.

किडण्याला किडा लागतच नाही. रिंगणीच्या बियांची धुरी घेऊन ‘कीड पाडणारे’ काहीही सांगोत. दातावरच्या चिकट थरातले जिवाणू साखरेचं आम्ल करतात, पीएच ५.५च्या खाली उतरला की दाताच्या कवचातली खनिजं विरघळू लागतात. लाळ हे आम्ल निवळवते, पण तिला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात दुसरा घास गेला की तिचं काम पुन्हा पहिल्यापासून. म्हणून खाजाच्या पाच कांड्या जेवणावर एकदम फस्त करणारा शहाणा. येता-जाता डबा उघडून अर्धी-अर्धी तोडणारा फसतो. दिवसभरात चार वेळा गोड चहा आणि त्यात बुडवलेलं बिस्किट, हा हिशेब तर कुणी धरतच नाही. कोकम सरबतात साखरही आणि आंबटपणाही. ते प्यावं, पण वर साध्या पाण्यानं चूळ भरावी आणि लगेच ब्रश फिरवू नये, कारण आंबटानं मऊ पडलेलं कवच घासलं जातं.

घासायचं ते रात्री झोपण्यापूर्वी नक्की. झोपेत लाळ कमी होते आणि जिवाणूंना रान मोकळं मिळतं. सकाळी घासणं लोकलाजेसाठी होतं, रात्रीचं दातांसाठी. फ्लोराइडची पेस्ट घ्यावी, तीन ते सहा वर्षांच्या पोराला वाटाण्याएवढी, त्याहून लहानाला तांदळाच्या दाण्याएवढी. घासून झाल्यावर थुंकावं, पण खळखळून चुळा भरू नयेत. फ्लोराइड थोडं राहू द्यावं. पहाटेपर्यंत दशावतार बघून आलेल्यालाही यातून सूट नाही.

मशेरीचं काय? तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजून कुटायची आणि बोटानं हिरड्यांवर चोळायची. मंजन म्हणून सुरू झालेली ही सवय पुढे मशेरी लावल्याशिवाय दिवस सुरू होऊ देत नाही. दंतमंजन आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ साली बंदी आली, पण घरच्या तव्यावर कायदा पोहोचत नाही. म्हातारीच्या डबीला नाती हात लावणार नाहीत, एवढं तरी घरानं बघावं.

सगळ्यात मोठी गफलत मात्र पहिलीतल्या पोरांच्या बाबतीत होते. दाढ काळी दिसली की आजी म्हणते, “दुधाचेच दात, पडतलेच.” दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात, हे एक. दुसरं असं की, सहाव्या वर्षाच्या आसपास त्यांच्याही मागे एक दाढ उगवते. तिच्या जागी आधीचा दात पडलेला नसतो, त्यामुळे ती आल्याचं घरात कुणाला कळत नाही, आणि कळलं तरी तीही दुधाचीच समजली जाते. ती कायमची असते. पोराला आ करायला लावून मोबाइलच्या बत्तीत शेवटपर्यंत बघावं. खाचाखाचांची, शेजारणीपेक्षा थोडी बुटकी अशी ती मागे दिसेल. सरळ फिरवलेला ब्रश तिच्या वरूनच जातो. गालाच्या बाजूनं आडवा घालावा लागतो.