कार्ड सोबत जावे म्हणून

दिवाळी झाली की जामसरच्या पाड्यांवरून माणसे खाली उतरू लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. ती फेडायला भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे. भांडी, गोधड्या, कोंबड्या ट्रकमध्ये चढतात. बाळाचे माता-बाल संरक्षण कार्ड मात्र पुष्कळदा घराच्या आढ्यात खोचलेलेच राहते, नाहीतर भट्टीवरच्या झोपडीत पहिल्याच महिन्यात फाटते.

बाळाला नऊ महिने पूर्ण होतात, गोवर-रुबेलाच्या पहिल्या डोसाची वेळ येते, तेव्हा आई असते भट्टीवर. तिथल्या लसीकरणाला गेली की पहिला प्रश्न, कार्ड कुठे आहे? कार्ड नाही म्हणून बाळाला परत पाठवलेले आम्ही पाहिले आहे. खरे तर कार्ड नसले तरी डोस द्यायचा असतो, तो मोफत असतो आणि देशात कुठेही मिळतो. पण रोज बुडवून आलेल्या बाईने तिथे नियम सांगत भांडायचे, हे बोलायला सोपे आहे. 2022 च्या नोव्हेंबरात गोवंडी, भिवंडी, मालेगाव इथे गोवर पसरला होता, हे वाचकांना आठवत असेल.

म्हणून आम्ही पाड्यांवर लसीकरणाच्या दिवशी आयांकडून कार्डे बनवून घेतो. सरकारी कार्डाला पर्याय म्हणून नव्हे, तर ते आत ठेवायला खिसा असलेले, रंगीत, जाड कागदाचे दुमडते कार्ड. सामान फार लागत नाही. ड्रॉइंगचा जाड कागद, भांडी घासायच्या स्पंजाचे किंवा जुन्या गादीतल्या फोमचे बोटाएवढे तुकडे, स्टॅम्प पॅडची लाल, हिरवी, जांभळी शाई आणि पिवळ्यासाठी खाण्याचा रंग. स्पंज शाईत बुडवला की आधी जुन्या वर्तमानपत्रावर दोनदा टेकवायचा, मग कागदावर. फिका रंग आधी, गडद नंतर, कडांकडून आत. घासायचे नाही. जखम जशी पुसत नाहीत, टिपतात, तसाच हा रंग टिपायचा. आमच्या हाताला ती सवय आहेच, आणि बायकांना तर एकदा दाखवले की पुरते. घासले की कागदाचा लगदा होतो आणि सगळे रंग मिसळून मातकट दिसू लागतात.

स्टॅम्प पॅड म्हटले की पाड्यावरच्या बाईला मुकादमाच्या वहीवरचा अंगठा आठवतो. तीच शाई तिच्या हातात दिली, तेव्हा सुरुवातीला काहीजणी बोट मागे घेत होत्या.

रंग कोणता घ्यायचा, हे आम्ही सांगत नाही. त्या निवडतात पिवळा आणि लाल, भरपूर. हळद आणि कुंकू, लग्नाचे रंग. बोहाड्याचे भडक मुखवटे पाहत त्या मोठ्या झाल्या आहेत. इथे आमच्या लक्षात आले की आरोग्य खात्याची रंगांची भाषा आणि पाड्याची भाषा एक नाही. अंगणवाडीत दंडाचा घेर मोजायची पट्टी असते. घेर 12.5 सेंटिमीटरच्या वर असला तर हिरवा, 11.5 ते 12.5 मध्ये पिवळा, 11.5 च्या खाली लाल. वजनाच्या तक्त्यात हिरवा, पिवळा, नारिंगी. पट्टी पिवळ्यावर थांबली की सेविका चिंतेत पडते आणि आईला मात्र तो हळदीचा रंग दिसतो, त्यात काळजी करण्यासारखे काय! कार्ड बनवता बनवता हे बोलणे निघते. ‘तुमचा पिवळा शुभाचा, या पट्टीवरचा पिवळा म्हणजे बाळाला जास्त जेवण द्या,’ असे तेव्हा समजावता येते. भिंतीवरच्या पोस्टरसमोर उभे राहून हे कधी जमले नव्हते. पोस्टरवरचे गुबगुबीत बाळ पाड्यावरच्या कोणाचेच नसते.

पाहुणे येतात आणि म्हणतात, यावर वारली चित्रे काढा, शहरात चांगली विकली जातील. गेरूवर तांदळाच्या पिठाने काढलेले लग्नचौक आम्हालाही प्रिय आहेत. पण हे कार्ड विकायला नाही.

काही कार्यकर्त्यांचा आक्षेप जास्त गंभीर आहे. 1992 साली याच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुले दगावली, तिथे तुम्ही स्पंज आणि शाई घेऊन काय बसता? त्यांचे खरे आहे. कार्डाने पोट भरत नाही. मजुरी, रेशन, अंगणवाडीतला आहार आणि गावातच काम, यासाठीचे भांडण चालूच राहिले पाहिजे. पण गोवर हे भांडण संपेपर्यंत थांबत नाही, आणि कुपोषित बाळाला तो जास्त छळतो.

दुसरा आक्षेप असा की आता सगळे मोबाइलवर नोंदलेले असते. यू-विनवर नोंद जरूर करा. पण ज्या नंबरवर नोंद आहे तो फोन नवऱ्याकडे असतो, सिमकार्ड बदललेले असते, भट्टीवर चार्जिंग नसते. कागद तरी आईच्या पिशवीत राहतो.

आपल्यापैकी अनेकांचे विहार भिवंडी, कल्याण, वसईच्या वस्त्यांत आहेत. 14 एप्रिल आणि बुद्ध पौर्णिमेला तिथली मुले याच पद्धतीने शुभेच्छापत्रे बनवतात. त्या दिवसांत जामसरची माणसे तुमच्या शेजारच्या भट्टीवर असतात. मुलांसोबत एखादी जाणती ताई तिकडे जाऊ द्या. आईच्या पिशवीतले कार्ड वाचा, कोणता डोस राहिला ते पाहा आणि लसीकरणाच्या दिवशी तिच्याबरोबर जा. कार्ड नसेल तर तिथेच नवे बनवा. सहा, दहा, चौदा आठवडे, नऊ महिने आणि 16 ते 24 महिने अशा पाच चौकटी आखल्या की काम भागते. डोस झाला की चौकटीत स्पंजाचा एक ठिपका द्यायचा.

दोन खबरदाऱ्या घ्या. घरात उरलेला जुना ऑइलपेंट वापरू नका. घरगुती रंगात शिसे 90 पीपीएमहून जास्त नसावे, हा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू आहे, पण त्याआधीच्या डब्यात काय आहे कोण जाणे, आणि शिसे लहान मुलाच्या मेंदूला अपाय करते. चमकीही नको, ती डोळ्यांत जाते. तारखा बॉलपेननेच लिहा. स्टॅम्प पॅडची शाई पाण्याने पसरते, म्हणून कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्या. आम्ही जामसरला ही कार्डे नवरात्राच्या आत पुरी करतो, कारण दिवाळीनंतर ट्रक कोणत्या दिवशी येईल ते मुकादमच ठरवतो.