आजी चुकली कुठे?

पाचवीच्या वर्गाला आम्ही 'मेरी दादी' हा निबंध दिला होता. एका मुलीने तो मनापासून लिहिला. फक्त पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत 'मेरी आजी' असे लिहिले. आम्ही लाल शाईने प्रत्येक 'आजी' कापली, वर 'दादी' लिहिले आणि दोन गुण कमी केले. दुसऱ्या दिवशी लुगडे नेसलेली, डोईवर पदर घेतलेली म्हातारी वही घेऊन वर्गाच्या दारात उभी. म्हणाली, "मास्तर, पाच वक्त नमाज पढते, रोजे धरते. नातीनं आज्जी म्हनलं तर काय बिघडलं?" बी.एड.च्या कोणत्याही तासाला या प्रश्नाचे उत्तर शिकवलेले नव्हते.

हा दोष आमच्या एकट्याचा नाही. मोहल्ल्यात एखादे घर थोडे शिकले की पहिली गदा आजीवर येते. आजी म्हणणे गैरांचे, दादीजान म्हणणे आपले, असे पोरांना दटावले जाते. दटावणाऱ्यांना आमचा साधा सवाल आहे: दादा, दादी, नाना, नानी हे शब्द तुम्ही कोणत्या अरबस्तानातून आणले? अरबीत आजोबाला 'जद्द' म्हणतात, आजीला 'जद्दा'. फारसीत 'पिदरबुजुर्ग' आणि 'मादरबुजुर्ग'. दादी-नानी तर आजीइतक्याच इथल्या मातीतल्या. उर्दू मर्सियात इमाम हुसैन हजरत पैगंबरांना 'नाना' म्हणतात, तो शब्दही इथलाच. त्याने कुणाचा ईमान ढळल्याचे ऐकिवात नाही.

खरे तर इथे अरबीची जोडी मराठीशी जमते. उर्दूत बापाची आई वेगळी, आईची आई वेगळी. अरबीत दोघी जद्दा, मराठीत दोघी आजी. वारसाहक्कात हनफी फिकह दादा आणि नाना यांच्यात मोठा फरक करते. दादा हक्काचा वारस, नाना दूरच्या नातलगांत. पण तिथेही नवा शब्द घडवला नाही. एक 'जद्दे सहीह', दुसरा 'जद्दे फासिद', जद्द दोघेही.

दुसऱ्या बाजूचेही ऐकवतो. आमचे दादा वारले तेव्हा रजेचा अर्ज मराठीत लिहिला. कारकुनाने थोरल्या भावाबद्दल हळहळ व्यक्त केली. खुलासा केल्यावर म्हणाला, "मग आजोबा लिहा ना, महाराष्ट्रात राहता!" क्रांतिसिंह नाना पाटलांना नाना म्हणताना ज्या मराठीची जीभ अडखळली नाही, तिला आमच्या आईच्या बापाला नाना म्हटलेले परके का वाटावे? आमच्या घरात आजीही आहे आणि नानाही आहेत. दोघांपैकी कुणाला बाहेर काढायचे, हे बाहेरच्यांनी ठरवू नये. आणि मोहल्ल्यातल्यांनीही नाही.

त्या मुलीचे दोन गुण आम्ही परत दिले. लाल रेघा मात्र पुसता आल्या नाहीत. आता ती कुणी न सांगता 'दादी' लिहिते.