काटा कोणाच्या हातात?

बाजार म्हणजे काय हे अहिल्यानगर जिल्ह्यातील शेतकऱ्याला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत होता, त्या काळी मालाचा धनी समोर उभा असूनही त्याच्या मालाला कोणी किती किंमत दिली हे त्याला कळत नसे. १९६३ च्या बाजार समिती कायद्याने उघड लिलाव हा नियम ठरला आणि रुमाल बाजूला झाला. परंतु झगडा संपला नाही, तो काट्यावर आला. उसाचे वजन कारखान्याच्या काट्यावर आणि दुधाची प्रत संकलन केंद्राच्या यंत्रावर ठरू लागली. ३.५ फॅट आणि ८.५ एस.एन.एफ. या मापाच्या खाली आकडा घसरला की दर घसरतो आणि तो आकडा दाखवणारे यंत्र असते दूध घेणाऱ्याचे. काट्यांची व दूध तपासणीच्या यंत्रांची त्रयस्थामार्फत तपासणी व्हावी, ही मागणी या जिल्ह्यातील चळवळीने वारंवार केली ती याचसाठी. तिच्यामागील तत्त्व साधे आहे. ज्याचा व्यवहारात स्वार्थ आहे त्याच्या एकट्याच्या हाती काटा राहता कामा नये.

हेच तत्त्व एका नव्या बाजाराला लावण्याची वेळ आता आली आहे. अकोल्याच्या डोंगरपट्ट्यातील हातसडीचा तांदूळ व काळभात, घराघरांत होणारा काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, कुरडया, शेवया असा माल महिलांचे बचत गट आणि छोटे कारागीर इंटरनेटवरील बाजारात विकू लागले आहेत. एक वैधानिक अडसरही दूर झाला आहे. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीची मर्यादा न ओलांडणाऱ्या लहान विक्रेत्याला १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या राज्यापुरता माल अशा बाजारात नोंदणीविना विकता येतो. वाट मोकळी झाली हे चांगलेच झाले. परंतु त्या वाटेवरही एक काटा टांगलेला आहे. त्याचे नाव ग्राहकाचा अभिप्राय, म्हणजेच बाजारी भाषेत ‘रिव्ह्यू’ आणि ‘रेटिंग’.

अभिप्रायाचे महत्त्व अर्थशास्त्राला नवे नाही. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की, मालाची खरी प्रत विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. आठवडे बाजारात हे अज्ञान ओळखीने दूर होते. कोणाची मिरची भेसळीची आणि कोणाचा गूळ खरा, हे पंचक्रोशीला माहीत असते. मुंबईतील गिऱ्हाइकाला ते माहीत नसते. तेथे ओळखीची जागा पाच तारे घेतात. या ताऱ्यांना पैशाची किंमत आहे. मायकेल लुका यांनी अमेरिकेतील उपाहारगृहांच्या २०११ मधील अभ्यासात असे दाखवले की, एक तारा वाढला तर उत्पन्न सुमारे ५ ते ९ टक्क्यांनी वाढते.

येथे एक मूलभूत फरक लक्षात घेतला पाहिजे. आठवडे बाजारात कमावलेली पत विक्रेत्याबरोबर चालते. शेवगावचा बाजार सोडून तो पाथर्डीच्या बाजारात बसला तरी त्याचे नाव त्याच्या आधी तेथे पोहोचते. इंटरनेटच्या बाजारात कमावलेली पत मात्र कंपनीच्या वहीत जमा होते. चार वर्षे निगुतीने माल दिल्यावर जमलेले शेकडो अभिप्राय म्हणजे त्या बायांच्या श्रमांचे साठलेले रूप. परंतु एका कंपनीचा बाजार सोडून दुसऱ्या कंपनीच्या बाजारात जायचे म्हटले, तर त्यातील एकही तारा बरोबर नेता येत नाही. जमीन कसणाऱ्याने विहीर खणावी, बांध घालावेत आणि जमिनीबरोबर ते सारे मालकाचे व्हावे, अशी ही नव्या काळातील कुळवहिवाट आहे.

त्यात पुन्हा वहीचे नियम मालकाच्या इच्छेने बदलतात. फुकट अथवा सवलतीत माल देऊन त्याबदल्यात अभिप्राय मिळवण्याची प्रथा अमेझॉनने अमेरिकेतील आपल्या बाजारात २०१६ मध्ये बंद केली. ज्यात परीक्षक कंपनीच निवडते ती स्वतःची योजना मात्र चालू ठेवली. २०१९ मध्ये एक शब्दही न लिहिता नुसते तारे देण्याची मुभा आली. प्रतिकूल अभिप्रायाखाली विक्रेत्याला जाहीर उत्तर लिहिण्याची जी सोय होती ती २०२० च्या अखेरीस काढून घेण्यात आली. आरोप जाहीर राहिला, बचाव मात्र जाहीर राहिला नाही.

सरकारांनीही या प्रश्नात लक्ष घातले आहे. भारतात २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहिण्यास बंदी केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोचे ‘आय.एस. १९०००’ हे मानक आले. अभिप्राय कसे गोळा करावेत, कसे तपासावेत आणि कसे प्रसिद्ध करावेत, हे त्यात सांगितले आहे. पण ते ऐच्छिक स्वरूपात आले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा खोट्या अभिप्रायांविरुद्धचा नियम ऑक्टोबर २०२४ मध्ये अमलात आला. एकंदर दिशा कडक होण्याची आहे आणि ती योग्यही आहे. खोटा अभिप्राय ही ग्राहकाची फसवणूक आहे, आणि ग्राहक हाही बहुतांशी कष्टकरीच असतो. विकत घेतलेले तारे प्रामाणिक विक्रेत्यालाच आधी मारतात, कारण ते घाऊक विकत घेण्याची ऐपत बड्याची असते. तेव्हा नियम नकोत, असे म्हणणे चळवळीला शोभणार नाही. नियम कोण करतो, कोणाला विचारून करतो आणि त्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हा खरा प्रश्न आहे.

हा भार समान पडत नाही हे साध्या गणिताने दिसते. एका बचत गटाला ४० ग्राहकांनी सरासरी ४.५ तारे दिले आहेत असे समजू. पावसात पार्सल अडकले, पुडे फुटले आणि पाच ग्राहकांनी रागाने एकेक तारा दिला. सरळ सरासरी ४.५ वरून सुमारे ४.१ वर येते. हाच प्रसंग ४,००० अभिप्राय असलेल्या बड्या विक्रेत्यावर आला तर त्याची सरासरी ४.५ वरून जेमतेम अर्धा शतांश हलते. आता नवा नियम आला आणि गटाचे १५ जुने अभिप्राय बाद झाले, तर पुढचा प्रत्येक राग आणखी महाग पडतो. पार्सल ज्या कुरियरने अडकवले तो बहुधा कंपनीचाच असतो, तारा मात्र मसाल्याचा जातो. प्रत्यक्षात अमेझॉन सरळ सरासरीही धरत नाही. खरेदी पडताळलेली आहे का, अभिप्राय किती अलीकडचा आहे, अशा गोष्टींना कमीअधिक वजन देणारे यंत्रगणित ती वापरते, आणि कोणाला किती वजन हे जाहीर करत नाही. रुमाल पुन्हा आला आहे, फक्त तो आता कापडाचा नाही.

काट्याच्या मालकाचा यात स्वार्थ नाही, असेही म्हणता येत नाही. अमेझॉन व फ्लिपकार्ट काही निवडक विक्रेत्यांना झुकते माप देतात काय, याची चौकशी करण्याचा आदेश भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये दिला, तो याच संशयाने. शिवाय ज्याचा माल यादीत खाली गेला त्याला वर येण्यासाठी जाहिरात विकत घ्यावी लागते. म्हणजे मापही कंपनीचे आणि माप चुकल्यावर घ्यावयाचे औषधही कंपनीचेच.

अशा वेळी कार्यकर्त्यांमध्ये दोन मते ऐकू येतात. पहिले मत असे की, विक्रेते हे शेवटी छोटे व्यापारी. त्यांच्या तक्रारींत कष्टकऱ्यांच्या पक्षाने कशाला पडावे? हे मत वरवरचे आहे. स्वतः भाजणारी, कुटणारी, पुडे बांधणारी बाई दुसऱ्याच्या श्रमावर जगत नाही. भाव, माप आणि बाजार हे तिन्ही तिच्या हाती नसतील तर ती नावाची मालक आणि प्रत्यक्षात उक्त्या कामाची मजूर ठरते. विडी कामगारांची बाजू लढलेल्या जिल्ह्याला हे सांगावे लागू नये. घरी बसून विड्या वळणारी स्त्री कारखान्यात दिसत नाही म्हणून ती कामगार नव्हे, असे मालकच म्हणत आले, आणि वळलेल्या विड्यांतील ‘छाट’ हेही शेवटी मापाचेच भांडण होते.

दुसरे मत बहिष्काराचे. तेही टिकणारे नाही. रेल्वेचे भाडे अन्यायाचे म्हणून माल बैलगाडीने मुंबईला पाठवा, असे कोणत्याही शेतकरी संघटनेने सांगितले नाही. बाजारात उभे राहायचे आणि बाजाराच्या अटींशी झगडायचे, हाच मार्ग आहे.

बाजारात उभे राहण्यासाठी काही पथ्ये आजपासून पाळावी लागतील. अभिप्राय विकत घेणे, नातेवाइकांकडून लिहवून घेणे, पुड्यात ‘पाच तारे द्या, पन्नास रुपये परत घ्या’ अशी चिठ्ठी घालणे हे कटाक्षाने टाळले पाहिजे. ते अनैतिक तर आहेच, पण नियम कडक होतील तसे पहिले खाते बंद होईल ते लहानाचेच. अभिप्राय मागावा तो सर्व ग्राहकांकडे सारख्याच शब्दांत, आणि कंपनीने दिलेल्या सोयीतूनच. प्रत्येक घाण्याला क्रमांक द्यावा, तारीख व पाठवणीचे छायाचित्र जपून ठेवावे, म्हणजे तक्रार खरी की खोटी हे ठरवता येते. कुरियरच्या दोषाचा तारा मालावर पडला असेल तर पुराव्यासह लेखी हरकत नोंदवावी. ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावे लागते. गटानेही आपल्याकडे आलेल्या तक्रारींना हीच शिस्त लावावी. वाईट अभिप्राय दर महिन्याच्या बैठकीत मोठ्याने वाचावेत. त्यांतील काही खरे असतात आणि खरी टीका ही फुकट मिळालेली शिकवण असते. शेवटचे पथ्य असे की, सगळा माल एकाच कंपनीच्या दारात नेऊ नये. प्रदर्शने, शहरातील ग्राहक गट, थेट विक्री ही जुनी दारे उघडी ठेवावीत.

परंतु एकेकट्याच्या पथ्याने काटा सरळ होत नाही. या जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५०-५१ च्या हंगामात सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो एकेकटा ऊस उत्पादक कारखानदाराशी वाटाघाट करू शकत नव्हता म्हणूनच. पुढे अनेक ठिकाणी सहकारावर सम्राट बसले हा इतिहास विसरता येणार नाही, पण त्यामुळे एकत्र येण्याची गरज खोटी ठरत नाही. तालुक्यातील वीस-पंचवीस गटांनी एका नावाखाली, एका प्रतवारीने माल विकला तर अभिप्रायही एकत्र साठतील आणि पाच रागावलेल्या ग्राहकांनी गट बुडणार नाही. मात्र हिशेब आणि प्रतवारी दोन्ही सभासदांपुढे उघडी हवीत, नाहीतर कंपनीचा रुमाल जाऊन पुढाऱ्याचा येईल.

याच्या जोडीला कायद्याची मागणी हवी, आणि तिच्यासाठी आधार आहेत. युरोपीय संघात जुलै २०२० पासून लागू झालेल्या नियमाने अशा कंपन्यांना अटी बदलण्यापूर्वी किमान १५ दिवसांची सूचना देणे, खाते बंद करताना कारण सांगणे आणि यादीतील क्रम कशावर ठरतो ते जाहीर करणे बंधनकारक केले. क्रमाचे मुख्य निकष प्रकट करण्याचे बंधन आपल्या २०२० च्या नियमांतही आहे. त्याची अंमलबजावणी मागितली पाहिजे. बदलाची आगाऊ सूचना मराठीत मिळावी, अभिप्राय काढताना कारण दिले जावे, कंपनीबाहेरील अधिकाऱ्याकडे अपील करता यावे, पाठवणीचा दोष आणि मालाचा दोष यांचे तारे वेगळे मोजले जावेत आणि कमावलेली पत दुसऱ्या बाजारात नेण्याचा हक्क विक्रेत्याला मिळावा, अशा या मागण्या आहेत. त्यांतील एकही ग्राहकाच्या विरोधात जात नाही.

आणि त्या विक्रेत्यापुरत्या थांबतही नाहीत. तोच पुडा दारात पोहोचवणाऱ्या तरुणाची रोजी याच ताऱ्यांवर टांगलेली असते. मसाला कांडणारी आणि पुडा पोहोचवणारा यांना आज एकमेकांचे तोंडही माहीत नाही. दोघांना मोजणारा काटा मात्र एकच आहे. त्या दोघांना एका बैठकीत आणून बसवणे हे काम कोणतीही कंपनी करणार नाही. ते कार्यकर्त्यांनाच करावे लागेल.